बेडकांची जागा

आमच्या बुद्धिबळ मंडळाचे चिटणीस म्हणजे महासंशयी माणूस. नव्या खेळाची कल्पना मी सांगितली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. पांढऱ्याला आणि काळ्याला सारखी संधी आहे हे दाखवा, मग महिनाभरानं रविवारची स्पर्धा तुमच्याच मांडणीवर. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो. तीस वर्षं तराजू दुरुस्त केलेल्या माणसाला पारडी समान करायला कोण शिकवणार?

खेळ सोपा होता. पट दहा घरं रुंद, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा मोहरे. हा मोहरा कुठल्याही दिशेला नेमकी दोन घरं उडी मारतो, म्हणून त्याचं नाव बेडूक. प्रश्न एवढाच, की बेडूक बसवायचे कुठे. मी ते घोडा आणि उंट यांच्यामध्ये बसवले. दुकान बंद केल्यापासून मला कोणी काही विचारायला येत नव्हतं, त्यामुळे या बेडकांवर माझा जरा जास्तच जीव जडला होता.

तपासणीला बायको. लग्नापासून ती माझ्याशी खेळते आणि बहुतेक वेळा हरते. रोज सकाळी भाजी चिरून झाली की दोन डाव, रंग आलटून-पालटून, निकाल वहीत. या वेळी ती बऱ्याचदा जिंकायची. त्याचं श्रेयही मी बेडकांनाच दिलं. चाळीस डाव झाले. पांढऱ्याचे वीस, काळ्याचे वीस. माझे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी दुपारी आकृती जाड कागदावर उतरवताना मी वही चाळली आणि हात थांबला. चाळीस डावांत कुठलाच रंग एका डावापेक्षा जास्त पुढे गेला नव्हता. खऱ्या तराजूचा काटा थोडा डुलतो, मग स्थिरावतो. मुळीच न डुलणारा काटा अडकलेला असतो, हे मी उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो.

"अगं ए, इकडे ये. हे काय आहे?"

ती ओले हात पुसत आली. वहीकडे पाहिलं आणि समोर बसली.

"मी आज सांगणारच होते. उद्या चार लोकांत तुमचं हसं झालेलं मला बघवलं नसतं."

"म्हणजे तू मुद्दाम...?"

"घोड्यापुढचं प्यादं उघडं आहे हो. त्याला कोणाचाच आधार नाही. पांढऱ्याचा उंट दुसऱ्याच चालीला त्याच्यावर नेम धरतो, की काळा बसला ते सांभाळत. पहिल्या दोन दिवसांतच कळलं मला. पण तुम्ही शीळ घालत मोहरे मांडायचात. किती दिवसांनी घातलीत शीळ! मला बोलवेचना. मग कधी जिंकत, कधी हरत मीच दोन्ही रंग सारखे ठेवत गेले."

माझा पारा चढला. "मग कुठे बसवायचे बेडूक?" मी खेकसलो.

"कोपऱ्यात. हत्ती आणि घोडा एकेक घर आत."

"हत्ती कोपऱ्यातून काढायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिनं वाद घातला नाही. मोहरे सरकवले आणि एकेका प्याद्यावर बोट ठेवून त्याला कोण राखतं ते दाखवलं. दहाच्या दहा राखलेली. मला खोट काढता येईना.

"बस," मी म्हटलं, "आणि आता खरं खेळ."

सहा डाव झाले. सहाही तिनं जिंकले, तीन पांढऱ्यानं, तीन काळ्यानं. माझा राग कधीच उतरला होता.

"आणि आपले आधीचे डाव? लग्नापासूनचे?"

"चहा टाकू का?" असं म्हणून ती उठली.

रविवारी चिटणिसांनी मांडणी उलटसुलट तपासली, दोघा जाणत्यांकडून चार डाव खेळवून घेतले आणि शेवटी मान डोलावली. "ही मांडणी कोणाची?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. हा प्रश्न यावा म्हणून मी किती झुरलो होतो.

"बेडूक माझे," मी म्हटलं. "मांडणी हिची."

त्यांनी तिला पहिल्या पटावर, मंडळाच्या विजेत्यासमोर बसवलं. कोपऱ्यातला बेडूक बघून ते गृहस्थ आधीच कावरेबावरे झाले होते, आणि हिचं मन पाघळायला तेवढं पुरे असतं. पहिली चाल करण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"गय करू नकोस," मी म्हटलं. "माझी पुष्कळ केलीस."