चौथा वाटा

कादिर मुकादमाला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तुझ्या वाटेत आडवं आलं तरी काय, तर त्याने बेधडक सांगितलं असतं, बटाटे.

दापोलीकडचा हा माणूस सौदीत, अल खर्जला, अली नावाच्या धन्याच्या बंगल्यावर आचारी. अलीची मोठी डेअरी, बायको पोलंडची, गुरांची डॉक्टर. मॅडमला चहासुद्धा धड जमत नसे, पण आईच्या हातच्या क्लुस्की, म्हणजे बटाट्याचे गोळे, आठवले की डोळे भरून यायचे. शेवटी आईला फोनवर धरून तिने ते कादिरला शिकवले. उकडलेले बटाटे कुस्करून पातेल्यात दाबायचे, सुरीने चार वाटे पाडायचे, चौथा वाटा उचलून त्या रिकाम्या जागेत स्टार्च भरायचा, मग उचललेला वाटा परत टाकून, अंडं फोडून, सगळं मळायचं. लिंबाएवढे गोळे, प्रत्येकाला अंगठ्याने खळगा, म्हणजे मटणाचा रस्सा तिथे थांबतो. भाकरीची उकड मळण्यात हयात गेलेल्याला त्यात कसलं कठीण? पहिल्याच खेपेला गोळे असे उतरले की मॅडम रडली. तिथेच मेला फसला.

त्याच्या लेकीचा, आलिमाचा, निकाह आता आठ दिवसांवर आला होता. रजा चार महिन्यांपूर्वीच मागून ठेवलेली. अली माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, बुकरा, इन्शाल्ला. तो उद्या उजाडला की कुणीतरी पाहुणा क्लुस्की खायला टपकायचा आणि रजा पुन्हा पुढे जायची. देश सोडायची परवानगी द्यायची ती अलीने, त्याच्या मोबाइलवरून. एक बोट दाबायचं काम, पण ते बोट काही हलेना. कादिरचा जीव कोंडून गेला होता.

त्यात मॅडमची आई पोलंडहून आली. दुपारच्या जेवणाला अर्थातच क्लुस्की. कादिरने मनाशी ठरवलं, आज बिघडवायचेच. हात गेला म्हणतील, कामावरून काढतील, पण निकाहाला तर पोचेन! त्याने चौथा वाटा उचललाच नाही. वरून चिमूटभर स्टार्च भुरभुरवला आणि गोळे उकळत्या पाण्यात सोडले. बघता बघता पाण्याची पेज झाली. आपल्या हाताने अन्न नासलं म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली, तरी तो लगदा त्याने झाऱ्याने ताटात वाढला.

म्हातारीने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मॅडम लालबुंद. कादिर दाराशी मान खाली घालून उभा, मनात मात्र म्हणत होता, आता म्हण खलास, एकदाचं म्हण.

अलीने त्याला जवळ बोलावलं. "घाबरू नकोस, कादिर. चुकलं म्हणून मी कुणाला हाकलत नाही. आई तीन महिने इथेच आहेत, रोज शिकवतील. पक्कं जमलं की मग जा रजेवर."

मुद्दाम केलं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण धन्याचं अन्न मुद्दाम नासलं हे कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हातारीने त्याला स्वयंपाकघरात नेलं, नवे बटाटे घेतले, चार वाटे पाडले, पीठ मळून घेतलं. एक गोळा त्याच्या तळहातावर ठेवून त्याचाच अंगठा धरून दाबला. त्या निर्लज्ज अंगठ्याने सवयीने नेमका गोल खळगा पाडला. म्हातारी हरखली. दारातून मॅडम म्हणाली, आई म्हणते, असा हात कुठे मिळायचा नाही, याला कधी सोडू नका.

एवढ्यात फोन वाजला. घरून ताजुन्निसा, त्याची बायको. विमान कधीचं, घ्यायला कुणाला पाठवू, मुलगी सारखी विचारतेय. कादिरने पिठाच्या बोटांनी फोन स्टार्चच्या डब्याला टेकवून ठेवला.

"ताजू," तो म्हणाला, "निकाहाला माझ्या जागी हाशिरला बसव. धाकटा असला तरी माझा सख्खा भाऊ आहे. आणि फोन समोर धरायला सांग कुणाला तरी. मी इथून बघेन."

म्हातारीने पुढचा गोळा त्याच्या तळहातावर ठेवला.