मंडईतल्या थंड खोलीची तक्रार

मित्रांनो, मी मंडईतली एक जुनी थंड खोली आहे. नाव थंड असले तरी सध्या माझे डोके तापलेले आहे, तेव्हा एखादा शब्द कमीजास्त झाला तर सांभाळून घ्या.

नगरपालिकेने मला मंडईच्या मागच्या अंगाला बांधले. जाड भिंती, जस्ताच्या पत्र्याचे दार, दाराच्या कडेला काळी रबरी पट्टी आणि छतावर घरघरणारे यंत्र. ते यंत्र पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा नगराध्यक्षांनी माझे तोंडभरून कौतुक केले आणि थंडी वाजते म्हणून लगेच बाहेर पडले.

माझे खरे सोबती भाजीवाले. संध्याकाळी उरलेली भाजी माझ्याकडे ठेवायची आणि पहाटे टवटवीत बाहेर काढायची. दोन्ही हातांत टोपल्या, म्हणून सगळे दार लावत ते कमरेच्या धक्क्याने. तिथे पत्र्याला खळगा पडला आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. मंडईच्या बैठकाही माझ्याच पोटात भरत. बाहेर बसले की यांचे बोलणे संपत नाही. आत दात वाजू लागले की निर्णय पटकन होतो.

मग पट्टी फाटली. दार नीट बसेना, गारवा बाहेर पळू लागला आणि यंत्र धापा टाकू लागले. पालेभाजीवाल्या काकूंनी नगरपालिकेत खेटे घातले. आज साहेब नाहीत, उद्या सही नाही! काकूंची सारी मदार माझ्यावर. त्यांचा पालक आणि कोथिंबीर एक रात्र उकाड्यात राहिली की फेकायचीच.

अशात बातमी आली की गावाबाहेर विकिरण केंद्र उभे राहणार, तेही नगरपालिकेच्या पैशातून. तिथे किरणांचा मारा करून फळांतली कीड मारतात, कांद्या-बटाट्याला कोंब येऊ देत नाहीत. माझे त्या केंद्राशी वैर नाही. दूरदेशी फळे धाडणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांना त्याचा उपयोग असेलही. मग त्यांनी ते स्वतःच्या खिशातून बांधावे ना! माझ्या एका पट्टीला पैसा नाही आणि त्यांच्या केंद्राला आहे, हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

केंद्राबद्दल लोकांचे म्हणणे ऐकायला साहेब मंडईत सभा घेणार होते. आदल्या संध्याकाळी सगळे भाजीवाले माझ्यात जमले. दार लागेना, म्हणून काकूंच्या धाकट्या दिराने ते बाहेरून पाठ लावून दाबून धरले. त्याला मंडईत सगळे भोंगा म्हणतात, आवाजच तसा आहे. आत काकू म्हणाल्या, "हे बघा, उद्या फक्त पैशाचं बोलायचं. भाजी विषारी होते, चमकते, असलं काही काढायचं नाही. ते खरंही नाही, आणि लोक हसतील ते वेगळंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गारठलेले हात चोळत ते घरी गेले. दार धरणाऱ्या भोंग्याला हे सांगायचे मात्र एकालाही सुचले नाही. मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड कुठे आहे?

सभा माझ्या दारासमोरच्या चौकातच झाली. काकूंनी शांतपणे विचारले, "साहेब, आमच्या पालेभाजीला याचा काय उपयोग?"

साहेबांनी घसा साफ केला. "पालेभाजीला... तसा नाही."

आता काकू पैशाचे विचारणार, या आशेने मी यंत्राची घरघरसुद्धा आवरून धरली. इतक्यात मागून भोंगा गरजला, "अहो, त्या किरणांनी बटाटे अंधारात दिव्यासारखे चमकतात! पोरंबाळं मरतील आमची!"

सगळा चौक खो-खो हसला. साहेबांच्या जिवात जीव आला. किरणे कशी निर्धोक असतात यावर त्यांनी सावकाश भाषण दिले, आणि वैताग असा की त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पैशाचा प्रश्न काकूंच्या ओठांवरच राहिला. केंद्र मंजूर झाले.

माझ्या पट्टीला पैसा नाहीच म्हणून नगरपालिकेने त्यानंतर माझे यंत्र बंद केले. आता माझ्यात झाडू आणि मोडक्या टोपल्या असतात. काकू संध्याकाळी मिळेल त्या भावाला पालक देऊन टाकतात आणि उरलेला गुरांना घालतात. इतके सोसूनही त्या मला नावे ठेवत नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटते.

परवा भोंगा जुन्या सवयीने माझ्या दाराला पाठ लावून उभा होता. म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मलाही आत बोलवायचं होतं ना."

काकू जुड्या बांधता बांधता थांबल्या. "मग दार कुणी धरलं असतं, भावजी?"

मित्रांनो, नवे जरूर बांधा. पण त्याआधी जुन्याची फाटकी पट्टी बदला. आणि तेवढेही जमले नाही, तर निदान दार धरून बाहेर उभा असलेल्याला आत काय ठरले ते सांगत जा.