लाकडी निकेलचे चार हात

मी एक जुना लाकडी गोळा आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढा. सालेकशाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या कपाटात मी राहतो. माझे नाव निकेल. खरा निकेल चकाकणारा धातू असतो, मी सागवानाचा. पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्या उमेंद्र सरांनी एकदा ते नाव ठेवले आणि पोरांनी कधी शंका घेतली नाही.

धातूचा अणू आपल्याभोवती इतरांना धरून ठेवतो तेव्हा ते कोणत्या आकारात बसतात, हे सपाट फळ्यावर नीट दिसत नाही. म्हणून सरांनी सुताराकडून मला गोल करून घेतले. चौकोनी खोक्यात बसवून, खोक्याच्या एकाआड एक कोपऱ्यांकडे रोख धरून चार भोके पाडली. मग कमरेभोवती आणखी चार, एकाच पातळीत. सायकलच्या तारा माझे हात झाले. पहिल्या भोकांत त्या खोचल्या की मी चारी कोपऱ्यांकडे हात पसरलेला, दुसऱ्या भोकांत खोचल्या की पोळपाटासारखा चपटा.

तेव्हा वर्ग गच्च भरायचा. मागच्या बाकावरची पोरे उभी राहून मला पाहायची. हातोहाती फिरून मी तुळतुळीत झालो.

पुढे सर निवृत्त झाले, मुर्री गावी राहायला गेले. हळूहळू पोरेही गेली. नावे इथल्या पटावर, पण मुक्काम गोंदियातल्या शिकवणीत. कपाटाचे दार उघडेनासे झाले. माझा एक हात गंजून तुटला. रेल्वे गेली की शेजारच्या परीक्षानळ्या किणकिणायच्या, तेवढीच काय ती सोबत.

गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या नव्या दामिनी मॅडमनी ते दार उघडले. वर्गात एकटी आचल बसली होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला गोंदियाला राहता येत नव्हते. मॅडमनी माझ्या तुटक्या हाताच्या जागी खराट्याची काडी खोचली आणि मला तिच्या हातात दिले. पुस्तकातले चित्र पाहून तिने आधी सायनाइड धरायला माझे हात कमरेच्या भोकांत खोचले, मग क्लोराइड धरायला कोपऱ्यांकडच्या.

"मॅडम, दोघायलेबी चारच हात हायेत. मंग एक चपटा काऊन?"

मॅडमनी पुस्तकातले उत्तर वाचून दाखवले. आचलने मान हलवली, पण तिचे बोट माझ्या रिकाम्या भोकावर फिरत राहिले. मॅडमच्या ते ध्यानात आले. त्यांनी कचेरीतून उमेंद्र सरांचा नंबर मिळवून लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

सरांचा आवाज थकला होता. पत्नी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हणून घसा बसल्यासारखा वाटतो, असे ते म्हणाले. मग त्यांनी समजावले. ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉनची घरे. निकेलच्या दोन डी घरांत एकेकटा इलेक्ट्रॉन राहतो. क्लोराइड दुबळा, तो त्यांना हलवत नाही. मग बाहेरचे एक एस आणि तीन पी ऑर्बिटल मिसळतात आणि त्यांचे चार सारखे होतात, चारी कोपऱ्यांकडे तोंड केलेले. सायनाइड जोरदार. तो त्या दोघांना एकाच घरात बसवतो. एक डी घर रिकामे होते, ते एक एस आणि दोन पींमध्ये मिसळते, आणि चौघे एकाच पातळीत येतात.

सर बोलत असतानाच आचलच्या बोटांनी माझ्या तारा काढल्या आणि बरोबर कमरेच्या भोकांत बसवल्या. तिला समजले होते. हे मला पक्के माहीत आहे.

"आता वर्गात किती पोट्टे हायेत?" सरांनी विचारले.

मॅडमनी आचलकडे पाहिले.

"मी एकटीच हाय, सर," आचल म्हणाली.

मग आचल फोनकडे वाकली.

"सर, अजून एक डाव सांगा ना जी."

आणि सरांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आवाज मोकळा होत गेला, भरल्या वर्गात असायचा तसा.

आचल पास झाली. यंदा विज्ञानाला एकानेही नाव दिले नाही, वर्ग बंद झाला, मॅडमची बदली झाली. मी पुन्हा कपाटात आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असे एखादे कपाट असेल. ते उघडा, आतल्या वस्तू हातात घ्या. आणि ज्यांनी तुम्हाला शिकवले, त्यांना कधीतरी काहीतरी विचारा. उत्तर माहीत असले तरी विचारा.