एक्कावन्नावी

विद्याधर कर्णिकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फलकाचा मजकूर डोळ्यांजवळ धरला. 'तान्ह्या बाळाचे रडणे ऐकून शेठजींचे मन द्रवले आणि १९७० साली कारखान्यात पाळणाघर सुरू झाले. आमच्या सामाजिक दायित्वाचा हा उगम.'

हे त्यांनीच कंपनीच्या मासिकात लिहिलं होतं, तरुणपणी, नोकरी वाचवायला. कुठलंही बाळ रडलं नव्हतं. आता मुलुंडच्या या जुन्या पॅकिंग शेडचं संग्रहालय होत होतं आणि मजकुराखाली सही करायला त्या वेळच्या ऑफिसातले ते एकटेच उरले होते. सही झाली की ती थाप कायमची खरी ठरणार होती.

सीएसआर विभागातली गार्गी पेन उघडून उभी होती. शेजारच्या खुर्चीत मालन बसली होती. एके काळी ती इथेच खोकी भरायची. फीत कापायला तिला भांडुपहून मुद्दाम आणलं होतं. गार्गीने मजकूर वाचून दाखवला, तशी ती पदराआड हसली आणि खरं काय ते सांगू लागली.

पन्नासच्या वर बायका कामाला असल्या तर पाळणाघर द्यायलाच हवं, असा कायदा होता. म्हणून हजेरीपटावर पन्नासावं नाव आलं की पट बंद. बाकीच्या बायका बिननावाच्या राबायच्या. मालन त्यांतलीच, तान्हं पोर शेजारणीच्या गळ्यात घालून येणारी. एकदा नव्या कारकुनाने तिचंही नाव पटावर चढवलं आणि चारच दिवसांत सरकारी तपासणी आली. पटावर एक्कावन्न नावं निघाली आणि पाळणाघर उघडावंच लागलं.

"साहेब तेव्हा पोरगेलेसे. मोजायला चुकले बिचारे," मालन कर्णिकांकडे बघत म्हणाली. "त्यांच्या चुकीवर माझा राजेश वाढला, बाय."

गार्गीला हसू फुटलं. कर्णिक हसले नाहीत. तपासणी येणार असल्याचं पत्र त्यांनीच उघडून वाचलं होतं आणि मगच ते नाव चढवलं होतं, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या नावाची त्यांना कधीच लाज वाटली नाही. लाज वाटायची ती नंतर रचलेल्या बाळाची.

त्यांनी पेन घेतलं, मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मालन परब, एक्कावन्नावी.'

"सर, वरती काय सांगू मी?" गार्गी चाचरत म्हणाली.

"माझं नाव सांग."

मग ते मालनकडे वळले.

"मालनबाई, मला पन्नासपर्यंत मोजता येत होतं."