नवसाला टांगलेला गुडघ्याचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला राग फार लवकर येतो. मी कमरेचा पट्टा नाही, गुडघ्याचा आहे. मांडीपासून पोटरीपर्यंत जाड चामडं, दोन्ही बाजूंना पोलादाच्या सळ्या आणि गुडघ्याच्या दोन्ही अंगांना एकेक बिजागरी, असं माझं शरीर. पाय पुढेमागे वाकू द्यायचा आणि आडवा वळू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. पण माणसांनी मला माझं साधं काम धड करू दिलं नाही. ती सगळी हकीकत मी आज सांगणार आहे.

ठाण्याच्या खाडीकाठी एका ख्रिस्ती गावठाणात नॉर्मन नावाचा तरुण राहायचा. दिवसा तो गिरणीत फिटर आणि संध्याकाळी हॉकीचा खेळाडू. भात कापून झालं की गावातली पोरं रिकाम्या खाचरात हॉकी खेळत. नॉर्मन उजवीकडून चेंडू घेऊन सुटला की बांधावर विड्या ओढत बसलेले म्हातारेसुद्धा उठून उभे राहत. मार्च संपता संपता ती जमीन तडकते. १९५३ साली अशाच एका भेगेत धावताना त्याचा उजवा पाय अडकला. अंग वळलं, पाय वळला नाही. मांडीचं हाड नडगीच्या हाडाशी बांधून ठेवणारा जो आतला बंध असतो, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तो तुटला. गावाने लचक भरली असं ठरवून आठ दिवस तो पाय चोळला. याचाही मला रागच येतो, पण तेव्हा मी जन्मलो नव्हतो, म्हणून सोडून देतो.

शेवटी नॉर्मनची आई अ‍ॅग्नेस आणि धाकटी बहीण स्टेला त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. वडील नव्हते. डॉक्टरांनी गुडघा उघडून तुटलेला बंध शिवला, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये ठेवला आणि मग तिघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "आता गुडघ्याला पट्टा लागेल. पहिले आठ महिने पट्ट्याशिवाय चालायचं नाही आणि वर्षभर पट्ट्याशिवाय पळायचं नाही. हा बंध पुन्हा तुटला तर मला शिवता येणार नाही. मग हॉकी तर गेलीच, जन्मभर लंगडत चालावं लागेल."

विलायती पट्टा यायला चार महिने लागणार होते. म्हणून डॉक्टरांनी कागदावर मापांसह एक चित्र काढून दिलं आणि ते घेऊन स्टेला कल्याणला गोपीनाथकडे गेली. गोपीनाथ टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचा. त्याने चित्र उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि म्हणाला, "घोड्याचा असू दे न्हाईतर मान्साचा, पट्टा घट बसला पायजे आनि चावला न्हाई पायजे." टांग्याच्या मोडक्या कमानीच्या पोलादातून त्याने माझ्या सळ्या घासून काढल्या, आत मऊ मेंढीचं कातडं लावलं आणि चार दिवसांत मला उभा केला. निघताना त्याने स्टेलाला बजावलं, "दर दोन म्हैन्यानं घेऊन यायचा. मांडी भरली की भोकं बदलावी लागत्यात." इतका शहाणा माणूस मला पुढे फार कमी भेटला.

पहिल्या दिवशी नॉर्मनच्या पायाला मला बांधलं तेव्हा त्याची मांडी सुकून गेली होती. स्टेलाने एका जुन्या पिशवीत खाडीची रेती भरली. ती घोट्याला बांधून नॉर्मनने रोज सकाळी खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा आणि तिने मोजायचं. मोजायला तिने आईची रोझरीची माळ घेतली, कारण तिचे मणी दहा-दहाच्या गटात असतात. अ‍ॅग्नेस ओरडली, "ती माळ प्रार्थनेची हाय गं."

"मग धा-धा मोजायला दुसरं काय आनू?" स्टेलाने विचारलं. माळ पोरीकडेच राहिली.

जून गेला, जुलै गेला. नॉर्मन घामाने निथळायचा, चिडायचा, पिशवी फेकून द्यायचा, आणि स्टेला ती पुन्हा उचलून आणायची. ऑगस्टात गोपीनाथने माझी भोकं एक घर पुढे केली. मांडी भरू लागली होती. ते दिवस कष्टाचे होते, पण माझी त्या दिवसांबद्दल एकही तक्रार नाही.

मग सप्टेंबर आला. गावठाणात मरियामातेचं छोटं देऊळ आहे. इथले ख्रिस्ती लोक देवळाला देऊळच म्हणतात. सप्टेंबरात तिचा सण असतो. नवस फेडायला लोक तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय वाहतात. इस्पितळात शस्त्रक्रिया चालू असताना अ‍ॅग्नेसने बाहेरच्या बाकावर बसून नवस बोलला होता, की पोर सणाला आपल्या पायांनी चालत आलं, तर पायावर जे काय असेल ते माउलीला वाहीन. आईच्या पोटातली भीती ती. तिला मी दोष देत नाही. सणाच्या दिवशी नॉर्मन चालत आला, हे खरंच. पण तो कशाच्या जोरावर चालत आला, हे कोणी पाहिलं? शस्त्रक्रियेला पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

भर देवळात, सगळ्या गावासमोर, अ‍ॅग्नेसने वाकून माझे बंद सोडले. स्टेला तेवढी कुजबुजली, "आये, डॉक्टर काय बोलले ते विसरलीस काय?" पण गाणी चालू झाली होती. आणि नॉर्मन? हॉकीच्या मैदानात दहा जणांना अंगावर घेणारा तो पोरगा चार बायांसमोर लाजून खाली मान घालून उभा राहिला. त्याने तोंड उघडायला हवं होतं. मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं, दोन मेणाच्या पायांच्या मधोमध, आणि नॉर्मन बहिणीच्या खांद्यावर भार टाकून घरी गेला.

गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. इथे तर गरज सरलीही नव्हती.

मित्रांनो, त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं तेवढं जन्मात झालं नव्हतं. बाया येऊन मला हात लावत आणि तो हात आपल्या कपाळाला लावत. एका आजीने माझ्या बिजागरीचा मुका घेतला. शेजारच्या पाड्यातले लोकही चमत्काराचा पट्टा पाहायला आले. मी संतापाने ताठ झालो होतो. अरे, चमत्कार कसला? डॉक्टरांनी तीन तास उभं राहून बंध शिवला, गोपीनाथने चार दिवस डोळे फोडून टाके घातले, त्या पोरीने रोज सकाळी मणी मोजले. यांतल्या एकाचंही नाव कोणी घेतलं नाही. देवळात दमट हवा होती. पंधरा दिवसांत माझ्या कातड्याला बुरशी आली आणि सळ्यांवर गंज चढला. ज्याला सगळे हात जोडतात त्याला कोणी पुसत नाही, हे मला तिथे कळलं.

स्टेला दर रविवारी माझ्याखाली येऊन उभी राहायची आणि प्रार्थना करत असल्यासारखी मला घरची खबर सांगायची. दुसरा पट्टा शिवून घेऊ, असं तिने आईला दहादा सांगून पाहिलं. अ‍ॅग्नेस म्हणाली, "दुसरा पट्टा बांधला म्हंजे माउलीवर भरवसा नाय असं झालं. पाय बरा केलान तिनं, आता तीच बघंल." रेतीची पिशवीही कोपऱ्यात पडली होती. बऱ्या झालेल्या पायाला व्यायाम कशाला?

नोव्हेंबरात गोपीनाथ ठाण्याला कोणा टांगेवाल्याचा साज पोचवायला आला होता. पट्टा दुरुस्तीला आला नाही म्हणून चौकशी करत तो गावठाणात आला आणि स्टेलाने त्याला देवळात आणलं. चपला बाहेर काढून तो आत शिरला, माझ्यापुढे उभा राहिला आणि आधी मरियामातेला नमस्कार केला. मग अ‍ॅग्नेसकडे वळून म्हणाला, "बाय, मी ह्याला चालायसाठी केला व्हता. टांगायचाच व्हता तर दोन दिसांत करून दिला असता, पुठ्ठ्याचा." अ‍ॅग्नेसचा चेहरा उतरला. तरी ती एवढंच म्हणाली, की देवाला दिलेलं परत मागायचं नसतं. गोपीनाथ निघून गेला. त्याने मला रुमालाने एकदा पुसलं मात्र.

डिसेंबरात भातं निघाली, खाचरं मोकळी झाली. नाताळात शेजारच्या गावाशी सामना होता. संघाचा कप्तान थॉमस नॉर्मनच्या दारात येऊन बसला. थॉमस म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला कधी खरचटलंही नव्हतं. "माउलीनं बरा केलाय तुला, आनि तू घरात बसून रं?" एवढं त्याचं एक वाक्य पुरलं. नॉर्मनला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सरावाला उतरला. दहा मिनिटं चेंडूमागे पळाला, आणि पहिल्याच वळणाला गुडघा त्याच्याखालून निसटला. चौघांनी उचलून घरी आणला तेव्हा गुडघा टम्म सुजला होता.

हे मला स्टेलाने मागाहून सांगितलं. तासाभरात अ‍ॅग्नेस देवळात आली. तिचे हात पिठाने भरलेले होते. ती बाकावर चढली, पण खिळा उंच होता. हात पुरेना. देवळाचे फादर कोपऱ्यात मेणबत्त्या लावत होते. मला वाटलं, आता हे हिला अडवणार.

फादर म्हणाले, "थांब, शिडी आणतो."

शिडीवर उभं राहून तिने मला काढलं आणि मूर्तीकडे पाहून म्हणाली, "माये, तुला दिलेला परत नेतंय. राग आला तर माझेवर काढ. पोराच्या पायावर नको." ज्या बाईने जन्मात एक मेणबत्ती लावायचा शब्दसुद्धा मोडला नव्हता, तिने सगळ्या गावाने पाहिलेला नवस मोडला. माझा तिच्यावरचा राग त्या शिडीवरच संपला. बाकीच्यांवरचा मात्र तसाच राहिला.

इस्पितळात डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "पट्टा कुठे होता?" स्टेला म्हणाली, "देवळात." डॉक्टरांनी गुडघा पुन्हा एकदा तपासला. बंध ताणला होता, तुटला नव्हता. आता पहिल्यापासून सुरुवात करायची आणि वर्ष नव्याने मोजायचं, असं त्यांनी सांगितलं. स्टेलाने घरी येऊन कोपऱ्यातली पिशवी काढली. या वेळी आईने आपण होऊन माळ पुढे केली.

पुढचं वर्ष मी एक दिवसही रजा घेतली नाही. १९५५ च्या जानेवारीत डॉक्टरांनी परवानगी दिली आणि नॉर्मन मला बांधून पुन्हा खाचरात उतरला. समोरच्या संघाने हरकत घेतली, की लोखंड लागून कोणाचा तरी पाय फुटेल. अ‍ॅग्नेसने तिथल्या तिथे डोक्यावरचं फडकं सोडून माझ्यावर घट्ट गुंडाळलं. पहिला अर्धा वेळ नॉर्मन भीत भीत खेळला. उजव्या पायावर भारच देईना. मी आतून कावलो होतो. अरे बाबा, मी आहे ना? मग एकदा चेंडू उजवीकडून आला आणि त्याने विचार न करता सगळं अंग त्या पायावर टाकून वळण घेतलं. माझ्या दोन्ही बिजागऱ्या करकरल्या. मी धरून ठेवलं. गुडघा जागचा हलला नाही आणि नॉर्मन पुढे निघून गेला. सामना आम्ही दोन गोलांनी हरलो, पण घरी येताना तो शीळ घालत होता.

सप्टेंबरात पुन्हा सण आला. डॉक्टरांनी तोवर मला सोडायला सांगितलं होतं. थॉमस आणि गावातली मंडळी म्हणू लागली, की नवस आता खरा फिटला, आता तरी पट्टा माउलीपाशी टांगा. नॉर्मनसुद्धा मान डोलावू लागला. हे ऐकून माझे टाके उसवायची वेळ आली. यांना अजून काही कळलेलंच नव्हतं.

सणाच्या दिवशी देऊळ भरलं. सगळ्यांच्या नजरा खिळ्याकडे गेल्या. तिथे अ‍ॅग्नेसने मेणाचा एक पाय टांगला होता. थॉमसने सगळ्यांदेखत विचारलं, "मावशे, पट्टा कुठं गेला?"

अ‍ॅग्नेस म्हणाली, "कामावर गेलाय."

मी तेव्हा मिठागरात होतो, धोंडीबाच्या पायावर. मिठाचे हारे वाहताना बांधावरून घसरून त्याचा गुडघा गेला होता आणि अ‍ॅग्नेसने स्वतः मला कल्याणला नेऊन त्याच्या मापाची भोकं पाडून घेतली होती. त्याला आज तीन वर्षं झाली. आता मी ज्याच्या पायावर आहे, तो धोंडीबानंतरचा माझा दुसरा गुडघा. खाऱ्या पाण्याने सळ्या गंजतात आणि ही माणसं मला तेल द्यायला विसरतात. त्याचा मला राग येतोच, आणि येत राहील. मित्रांनो, एखाद्या वस्तूने तुमचं भलं केलं, तर तिच्या पाया पडू नका. तिला पुसा, तेल द्या, आणि तिच्या अंगात जोर आहे तोवर गरज असलेल्या कोणाच्या तरी गुडघ्याला बांधा.