मान हलली म्हणजे होकार नव्हे

“सही घेण्याआधी विचार, ‘काय देताय?’ उत्तर माणसाच्या तोंडून यायला हवं. नुसत्या मानेवर जाऊ नकोस. मान काय, झोपेतही हलते.”

थोरले वकील गेले, पण त्यांची ही शिकवण दोन खोल्यांच्या त्या ऑफिसात राहिली. अशिलं सगळी घरच्या धंद्याची. कारखाना बापाने उभा केलेला, भांडण जेवणाच्या टेबलावर पेटलेलं. आता ऑफिस त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या वकीलबाई चालवत होत्या.

समोर ब्रशच्या कारखान्याचा तरुण मालक बसला होता, शेजारी त्याची आई. निम्मा कारखाना आईच्या नावावर होता. तो मुलाला स्वतःच्या नावावर हवा होता.

“आई, इथे सही कर, की सुटलीस.”

आईंनी पेन उचललं.

“थांबा आई,” वकीलबाई हळूच म्हणाल्या. “काय देताय, तेवढं सांगा.”

“अहो, बँकेतल्या खेपा वाचतील म्हणाला.”

“आणि कारखाना?”

“तो आहेच की. रोज जाते मी.”

“या सहीनंतर तुमचा हिस्सा त्याचा. उद्या त्याने कारखाना विकला, तर तुम्हाला विचारायचं कारण नाही.”

आई मुलाकडे वळल्या. “विकणारेस?”

“लगेच कुठे?” मुलगा म्हणाला.

आईंनी पेन खाली ठेवलं.

“वकीलबाई, फी माझी आणि फूस माझ्याच आईला? मला दुसरे वकील मिळतील!”

“जरूर बघा. तुमची कागदपत्रं नीट बांधून ठेवते.”

तो तरातरा खाली गेला. आई बसूनच राहिल्या.

“मग तुम्हीच माझ्या वकील व्हा.”

“ते नाही जमायचं, आई. इतकी वर्षं त्याने विश्वासाने सांगितलेलं माझ्या पोटात आहे. ते घेऊन तुमच्या बाजूला कशी बसू? पण चांगल्या वकिलाकडे उद्या मी स्वतः नेते तुम्हाला.”

त्या गेल्यावर म्हातारे कारकून पुढे आले. “नेणार कुणाकडे?”

“समोरच्या इमारतीत.”

“त्याच्याकडे? इथेच शिकला आणि निम्मी अशिलं घेऊन पळाला! थोरले गेले तेव्हा भेटायला आला, तर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.”

“नाही बोलले. पण काका, भागीदारीच्या तंट्यात त्याच्याहून पक्का कोण? नाव सांगा, तिकडे नेते.”

काकांनी डोकं खाजवलं. “तसा... हुशार आहे मेला.”

वकीलबाईंना हसू आलं. त्यांनी फोन लावला, काम सांगितलं. पलीकडून त्याने एवढंच विचारलं.

“ताई, तुम्ही स्वतः येणार?”

“हो.”

“या,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीच्या खिडक्या अजून बंद होत्या. वकीलबाईंनी आपल्या ऑफिसचं कुलूप उघडलंच नाही. किल्ली काकांच्या हातात दिली आणि आईंना आणायला त्या चालू लागल्या.