ज्याच्या त्याच्या उंचीवर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी नमुना आहे, एवढं सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. मोठं काम हाती घेण्याआधी त्याचं वीतभर रूप करून पाहतात. तसं भिलाईतल्या एका स्मारकाचं वीतभर रूप म्हणजे मी. आणि खरं सांगतो, माझ्याइतका कापला गेलेला आणि तरीही इतका सुखी नमुना दुसरा नसेल.

ती १९५९ सालची गोष्ट. पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात चाललं होतं. एका ठेकेदाराची माणसं नाल्यासाठी खोल चर खणत होती. एका दुपारी चराची कड ढासळली आणि नऊ जण मातीखाली गेले. पाच पुरुष आणि चार रेजा. माती वाहणाऱ्या बायकांना इकडे रेजा म्हणतात. त्यांतली एक होती मथुरा. तिचं तान्हं बाळ जवळच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. बाळ वाचलं, आई गेली.

पुढे स्मारक करायचं ठरलं. ते काम ज्यांच्याकडे आलं ते साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांनी सेक्टर २ च्या चौकात वीस फुटांचा एक उंच खांब योजला. खाली संगमरवरी पाटी, तिच्यावर 'नऊ कामगारांच्या स्मरणार्थ' अशी ओळ आणि त्याखाली उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव. महिन्यानं पाहुणे यायचे होते. साहेबांनी मेलेल्यांच्या घरच्यांना बोलावलं, टेबलावर निळा नकाशा पसरला आणि विचारलं, "कसं वाटतं?"

"बराबर हाय, साहेब," सगळे माना डोलवत म्हणाले.

एकटी रंभा नकाशाकडे पाहत राहिली. तिचा नवरा हिरालाल त्या चरात गेला होता. ती स्वतःही रेजा होती. त्या वेळी पाणी आणायला गेली होती, म्हणून वाचली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "साहेब, खोटं कावून बोलू? या कागदावर मले काईच दिसून नाई राहिलं."

साहेब चमकले. मग त्यांनी शामराव सुतारांना बोलावलं. शामराव भंडाऱ्याकडचे. कारखान्यात लोखंडाचा एखादा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी आकार करतात, तो करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी सागवानाचा तुकडा घेतला, रंधा मारला आणि दोन दिवसांत मला घडवलं. पायऱ्यांवर उभा, सरळसोट, गुळगुळीत खांब! मित्रांनो, मला स्वतःचा फार गर्व वाटला.

रविवारी शामरावांनी मला गमछ्यात गुंडाळून सायकलच्या मागे बांधलं आणि मजुरांच्या झोपड्यांकडे नेलं. मला एका बाजेवर ठेवलं. सगळे भोवती जमले. कागदासमोर मुकी असलेली माणसं मला पाहून बोलायला लागली. पण माझ्या कौतुकाचं एक अक्षर नाही!

"येच्यापाशी बसाव कुठी?" चरात गेलेल्या नत्थूची आई तुळसाबाई म्हणाली. "साऊली बी नाई. माह्या पोराले भेटाले येईन त उन्हात उभी राहू का?"

"आन् त्या चौकात कोन जाते?" रंभा म्हणाली. "आपली कामाची वाट इकून आहे. हे त्या वाटेवरच पाह्यजे."

म्हातारे देवाजी एका बाजूला बसले होते. मथुरा त्यांची सून. तिचं बाळ त्यांच्या मांडीवर होतं. ते हळूच म्हणाले, "हजेरीपटात 'रेजा चार' लिवलं हाय. माह्या सुनेले नाव होतं, भाऊ. मथुरा."

शामरावांनी मला पुन्हा गमछ्यात गुंडाळलं. घरी येऊन त्यांनी करवत काढली आणि माझा तो देखणा खांब कापला. एकाचे नऊ तुकडे केले! मी आतून हादरलो. पण नऊ खांब उभे राहिले, त्यांच्यावर छप्पर आलं, मध्ये बसायला ओटा झाला. दुसऱ्या रविवारी मी गेलो तो असा.

आता नावं कुठे लिहायची? शामरावांनी सुचवलं, की ओट्याच्या फरशीवर लिहू. तुळसाबाई ताडकन उठली. "माह्या नत्थूच्या नावावर लोक पाय ठिवतीन? नाई जमत!"

"मग खांबावर," शामराव म्हणाले. "एकेका खांबावर एक नाव. पन किती उंच लिवू?"

रंभा पुढे झाली. तिनं स्वतःच्या डोक्याच्या चार बोटं वर हात धरला. "आमचे हे इथवर होते. त्यायच्यासंग बोलाचं त मान अशी वर करा लागे. नाव इथं लिवा. मी तशीच मान वर करून पाहीन."

मग तुळसाबाईनं आपल्या कपाळाला हात लावला आणि नत्थूची उंची दाखवली. देवाजींनी छातीवर हात ठेवला. मथुरा ठेंगणी होती. एकेक जण येत गेला, कुणी खांदा दाखवला, कुणी कान. शामराव एका लांब पट्टीवर खुणा करत गेले आणि त्याच प्रमाणात माझ्या नऊ खांबांवर पेन्सिलनं रेघा ओढत गेले. त्यांचे डोळे वाहत होते, पण एकही रेघ वाकडी गेली नाही.

त्या सोमवारी मी साहेबांच्या टेबलावर होतो. साहेबांनी मला फिरवून फिरवून पाहिलं. छप्पर, ओटा, जागा, बायकांची नावं, सगळं त्यांना पटलं. फक्त रेघा पाहून ते हसले. "शामराव, नावं एका ओळीत हवीत. अशी वरखाली फार वेडीवाकडी दिसतील."

दाराशी रंभा उभी होती. ती म्हणाली, "मानसं का एका उंचीची होती, साहेब?"

"तसं नव्हे, पण पाहुणे काय म्हणतील?"

"साहेब, एक इचारू? तुमची माय तुमच्या कुठवर लागते?"

साहेबांचा हात आपसूक वर गेला आणि खांद्याच्या जरा खाली थांबला. तो तिथंच राहिला. मग साहेबांनी हात खाली घेतला, निळा नकाशा गुंडाळला आणि म्हणाले, "शामराव, नमुन्यात आहे तसंच होईल. एक रेघही हलवायची नाही. तारीख पुढे गेली तरी चालेल."

काय सांगू, मित्रांनो! तारीख पुढे गेली, पण काम झालं. आपलं रोजचं काम संपवून मजूर तिकडे वळत. नऊही घरच्यांनी आपापल्या खांबाची पहिली वीट स्वतः ठेवली. काम संपत आलं तेव्हा देवाजींना एक गोष्ट सुचली. "वरच्या तुळईले लोखंडाच्या कड्या लावा," ते म्हणाले. "रेजायच्या झोळ्या टांगाले. पोरं चराच्या काठाशी नोको आता." शामरावांनी माझ्या छपराखाली तारेच्या इवल्या कड्या ठोकल्या. तिकडे पोलादाच्या खऱ्या कड्या बसल्या.

उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापण्यासाठी कात्री मागितली. साहेब म्हणाले, "इथं फीत नाही." देवाजी पुढे आले. त्यांनी पहिल्या कडीला झोळी बांधली, मथुराचं बाळ आत ठेवलं आणि झोका दिला. ढोलकी वाजली. तुळसाबाईनं नत्थूच्या खांबाला पाठ टेकली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. रंभानं मान वर केली आणि आपल्या माणसाशी बोलत राहिली. काय बोलली ते मी सांगणार नाही. ते तिचं.

पुढे मी कपाटात गेलो. मग कपाटावर. माझं छप्पर तडकलं, एका खांबात कुंभारमाशीनं घर केलं. १९६६ साली मला रद्दीबरोबर बाहेर काढलं, तेव्हा साहेबांची बदली झाली होती आणि मला ओळखणारं कुणी नव्हतं. शामरावांनी मला पाहिलं आणि आपल्याकडे सुतारकाम शिकणाऱ्या मुलांच्या फळीवर नेऊन ठेवलं. तिथंच मी आहे. मुलं विचारतात, "गुरुजी, हा असा वेडावाकडा का?" आणि शामराव करवत बाजूला ठेवून पहिल्यापासून सांगायला बसतात.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे, कधीतरी जाईनच. पण कुणाच्या दुःखासाठी काही उभारणार असाल, तर आधी त्यांच्या बाजेवर जाऊन बसा आणि विचारा. पहिलं उत्तर 'बराबर हाय' असं आलं, तर आणखी थोडं थांबा. आणि कधी त्या वाटेनं गेलात, तर खांबांना सायकली टेकवू नका. सोबत थेंबभर तेल न्या, कड्यांना लावा. कडी कुरकुरली, की झोळीतलं बाळ जागं होतं.